‘जाऊन राहिलो’ म्हणजे काय

मारोतीदादा,

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी आईबापांच्याही आधी तुझं नाव घेतो. मारोती, मुक्काम साखरा, तालुका सेनगाव. हे मी आईलाही सांगितलेलं आहे. तिला वाईट वाटलं नाही. ती म्हणाली, "बराबर हाय. आमी जन्म देला, पण तुला बोलतं त्यानं केलं."

खरं म्हणजे तू मला बोलतं केलं नाहीस. तू माझ्या वतीनं बोललास. या दोन्हींत फरक आहे. तो मला आता आता कळू लागला आहे असं वाटतं, आणि लगेच सगळं पुन्हा गढूळ होतं. तुझा तेरावा होऊन पाच दिवस झाले. मी पुण्याला परत आलो आहे. कंपनीत दिवसभर बियाण्यांची उगवण मोजतो, आणि मोजता मोजता आकडा विसरतो.

तू माझ्या मोठ्या चुलत्यांचा मुलगा. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा, एकाच अंगणातला. गणितात दोनदा अडकून तू दहावीलाच शाळा सोडलीस. मी अभ्यासात बरा होतो, पण अनोळखी माणसासमोर माझा आवाज घशातच बसायचा. सेनगावच्या तहसिलीत उत्पन्नाच्या दाखल्यासाठी गेलो की मी खिडकीसमोर नुसता उभा. मग मागून तुझा हात यायचा, मला थोडं बाजूला करायचा, आणि तू खिडकीत वाकून म्हणायचास, "साहेब, ह्या लेकराचं म्हणणं असं हाय की..." माझं काहीच म्हणणं नसायचं, दादा. ते तू तिथल्या तिथं तयार करायचास, आणि ऐकताना मलाच वाटायचं, अरे, हेच तर सांगायचं होतं आपल्याला.

परभणीला बी. एस्सी.ला प्रवेश मिळाला तेव्हा वसतिगृहाचे साहेब माझ्याकडं बघून म्हणाले, "हा मुका आहे का?"

"न्हाई साहेब, हुशार हाय," तू म्हणालास. "हुशार मान्सं आधी इचार करतेत, मंग बोलतेत. आमी आधी बोलतोत."

साहेब हसले आणि मला खोली मिळाली. आपल्या घरातला मी पहिला पदवीधर. प्रमाणपत्रावर नाव माझं आहे, पण त्या कागदापर्यंत पोचायला जेवढं बोलावं लागलं, त्यातलं निम्मं तरी तू बोललास.

म्हणूनच राजगडावरच्या त्या दुपारचं काय करायचं, हे मला कळत नाही.

तुला किल्ले दाखवायचे, हे माझ्या मनात फार दिवसांचं होतं. चौथीच्या इतिहासाच्या पुस्तकातली किल्ल्यांची नावं तुला अजून ओळीनं पाठ होती. पाहिलेला मात्र त्यातला एकही नव्हता. यंदा सव्वीस जानेवारीला जोडून शनिवार-रविवार आला. माझ्या कंपनीतल्या सौरभनं त्याची गाडी काढली, तिथलाच निखिल आला, आणि तूर काढून मोकळा झालेला तू गुरुवारीच पुण्यात हजर झालास. चार माणसं, तीन दिवस, तीन किल्ले. पहिल्या दिवशी सिंहगड, दुसऱ्या दिवशी राजगड, तिसऱ्या दिवशी घाट उतरून रायगड.

तुला सौरभशेजारी पुढं बसवलं होतं. पुणं मागं पडलं, डोंगर सुरू झाले, तसा तू काचेतून मान वाकवून वर बघायला लागलास. आपल्याकडं टेकड्या आहेत, पण त्यांच्या माथ्यापर्यंत नांगर जातो. हे असले सरळ उभे कडे तू पहिल्यांदाच बघत होतास. बऱ्याच वेळानं म्हणालास, "भगवान, इतकी जमीन उभी काहून ठेवली असल रे देवानं? आडवी केली असती तर अर्ध्या महाराष्ट्राला पुरली असती."

सौरभनं गाडी बाजूला घेतली, इतका तो हसला. हे वाक्य त्यानं नंतर कंपनीत सगळ्यांना सांगितलं. ते माझ्या भावाचं वाक्य आहे, हे ऐकताना मला अभिमान वाटायचा. हेही लिहून ठेवतो, कारण पुढचं वाचून वाटेल की मला नुसती लाजच वाटत होती.

सिंहगडावर पिठलं-भाकरी समोर आली तेव्हा तू म्हणालास, "पिठलं खायाला एवढ्या वर यावं लागते व्हय?" आणि तीन भाकरी खाल्ल्यास. निखिलनं विचारलं, "दादा, ताक घेणार?"

"घेऊन राहिलो ना."

"घेऊन राहिलात? कुठे राहिलात?"

निखिल नागपूरचा असता तर त्याला हे सांगावं लागलं नसतं. तो पुण्याचा. आपल्याकडं ‘घेऊन राहिलो’ म्हणजे घेतोय, काम अजून चालू आहे. त्याच्या कानाला ते असं लागतं की माणसानं घेतलं आणि मग तो तिथंच मुक्कामाला राहिला. तू त्याच्या थट्टेवर सगळ्यात मोठ्यानं हसलास. मग त्याचा खेळच झाला. तू ‘चढून राहिलो’ म्हटलंस की निखिल विचारायचा, "कुठे राहिलात?" आणि तू म्हणायचास, "हितंच, तुमच्या बोकांडी!" निखिल वाईट मुलगा नाही. तू गेल्याचं कळल्यावर त्यानं मला मिठी मारली.

दुसऱ्या दिवशी राजगड. चढताना आपला वाद सुरू झाला. तू म्हणत होतास की वर राहणारा माणूस खालच्यांच्या भरोशावर जगतो, दाणा खालून येतो, दूध खालून येतं. मी म्हणत होतो की खालच्यांना राखतो तो वरचाच. "राखते म्हणजे काय करते? बसून पाहते!" तू म्हणालास. चोर दरवाजाच्या खालचा कातळ आला, लोखंडी कठड्याला धरून चढावं लागलं, दोघांचाही दम गेला आणि वाद तिथंच राहिला. वर पद्मावती माचीवर तळं बघितल्यावर तू माझ्याकडं वळलास. "पानी मात्र धरलं ह्यांनी," एवढं कबूल केलंस. मग कोठाराच्या भिंती बघून लगेच, "पण हितं तूर ठेवली असती तर महिन्यात भुंगा लागला असता. वारा कुठून खेळल?"

दुपारी देवळाजवळ जेवलो. जेवण झाल्यावर आम्ही तिघं सावलीत आडवे झालो आणि तू एकटाच उठलास. "त्या टोकाला डोंगरात आरपार भोक हाय म्हणतेत. पाहून येतो." सुवेळा माचीकडं तू निघालास. पांढरा सदरा, डोक्याला गमछा, हातात माझी पाण्याची बाटली. मी डोळे मिटले.

दोनेक तासांनी सौरभ घड्याळ बघायला लागला. सुट्टीमुळं गडावर जत्रा होती. उशीर केला असता तर त्या कठड्यापाशी तासभर रांगेत उभं राहावं लागलं असतं. त्यानं तुला फोन लावला. स्पीकर चालू होता, आम्ही तिघंही ऐकत होतो.

"दादा, आम्ही आता खाली निघतोय. तुमचं काय?"

वारा फार होता. तुझा आवाज तुटत आला. "मी बी जाऊन राहिलो."

"ओके, ओके दादा." सौरभनं फोन खिशात टाकला. "दादा खाली जाऊन पण राहिलेत! भारी स्पीड आहे. चला, चला."

माझ्या हातात डब्याचं झाकण होतं. ते मी लावलं. ‘अरे, तो पोचला नाही, तो अजून येतोय’ हे एवढं सांगायला मला किती वेळ लागला असता? मी ते सांगितलं नाही. आणि इथंच माझा गोंधळ आहे, दादा. मला कळलं होतं का? माझं बालपण त्याच बोलण्यात गेलं. आई मला अजून फोनवर विचारते, "काय करून राहिलास?" मला कळणारच. पण नऊ वर्षं मी पुण्यात आहे, माझ्या तोंडात आता ‘जातोय’ आणि ‘करतोय’ बसलं आहे. खरं सांगतो, सौरभ बोलला तेव्हा क्षणभर मलाही वाटलं की तू खाली पोचलास. की तसं वाटलं असं मी नंतर ठरवलं? त्या क्षणाकडं मी इतक्यांदा परत गेलो आहे की मुळात काय होतं, ते आता पुसट झालं आहे.

आम्ही चोर दरवाजानं गुंजवण्याला उतरलो. गाडी तिथंच होती. तू नव्हतास.

"अरे, ते तर म्हणाले जाऊन राहिलो," सौरभ म्हणाला. तेव्हासुद्धा मी फक्त, "फोन लागत नाहीये," एवढंच बोललो.

तुझ्या बाजूला काय झालं, ते तू गाडीत सांगितलंस. तू देवळापाशी आलास तर तिथं कोणी नाही. आम्ही थांबलो असू असं तुला वाटलं होतं. का वाटू नये? तू येतोय म्हणून सांगितलं होतंस. गडाला उतरायच्या दोन वाटा आहेत, हे तुला कोणी सांगितलं नव्हतं. तू चार जणांना विचारलंस, त्यांनी पायऱ्यांची सोपी वाट दाखवली, आणि तू पाली दरवाजानं डोंगराच्या दुसऱ्याच बाजूला उतरलास. फोनची बॅटरी संपलेली. शेवटी एका टपरीवालीच्या फोनवरून माझा फोन वाजला. "भगवान, मी पालीला हाव. हितं आपली गाडी दिसंना."

डोंगराला वळसा घालून आम्ही आलो तेव्हा ऊन उतरत होतं. तू बाकावर बसून त्या टपरीच्या मावशीला तुरीवरच्या अळीचं औषध सांगत होतास. सौरभ हात जोडून म्हणाला, "सॉरी दादा. तुम्ही जाऊन राहिलो म्हणालात, मला वाटलं पोचलात."

तू त्याच्याकडं बघितलं नाहीस. माझ्याकडं बघितलंस. किती वेळ, मला सांगता येणार नाही. मग तू हसलास आणि सौरभच्या खांद्यावर हात ठेवलास. "चूक माझीच हाय. मी जात आहे, असं म्हणायला पायजे होतं." गाडीचं दार उघडून आत पाय ठेवलास आणि शाळेत धडा वाचल्यासारखा म्हणालास, "मी बसत आहे."

सगळे हसले. मीही हसलो.

रायगडावर दिवसभर तू तसाच बोललास. मी पाणी पीत आहे. मी फोटो काढत आहे. मी दमलो आहे. निखिल खूश होता, त्याला वाटलं दादा त्याच्या थट्टेची परतफेड करतोय. कदाचित तू तेच करत होतास. पण सोमवारी तुला शिवाजीनगरच्या स्टँडवर सोडलं तेव्हा निखिल नव्हता, सौरभ नव्हता, आपण दोघंच होतो. खिडकीतून हात बाहेर काढून तू म्हणालास, "भगवान, मी निघत आहे."

त्यानंतर फोनवरसुद्धा हेच. "शेतात जात आहे." "जेवत आहे, मागून फोन करतो." आवाज नेहमीसारखा प्रेमळ. माझी तब्येत, खोलीचं पाणी, कंपनीतला तो त्रास देणारा साहेब, सगळं विचारायचास. नुसती वाक्यं इस्त्री केलेली असायची. मला एकदा म्हणावंसं वाटलं, दादा, नीट बोल ना. पण ‘नीट’ म्हणजे काय, हे मी कोणत्या तोंडानं सांगणार होतो?

म्हणून फेब्रुवारीत मी तुला पत्र लिहिलं आणि पोस्टात टाकलं. ते टाकून चूक केली की बरं केलं, हे मला अजून कळलेलं नाही. आठवड्यानं तुझा फोन आला.

"पत्र मिळालं आहे," तू म्हणालास. "मजकूर समजला."

मी वाट बघत राहिलो. तू हसलास की खोकलास, ते मला ओळखता आलं नाही. मग म्हणालास, "हरभरा काढत आहे. यंदा घाटे बरे भरले आहेत." मी म्हटलं, बरं झालं. मे महिन्यात रजा मिळणार होती. अंगणात समोरासमोर बसून काय ते विचारायचं, असं मी ठरवलं.

एप्रिलमध्ये एका सकाळी चुलत्यांचा फोन आला. "मारोतीच्या छातीत कळ आली. हिंगोलीला नेऊन राहिलो." हे मला लगेच कळलं, दादा. जराही अडखळलो नाही. नेऊन राहिलो म्हणजे अजून वाटेत आहेत, म्हणजे अजून सगळं चालू आहे. बसमध्ये मी त्या एका वाक्याला धरून बसलो होतो. नगरच्या अलीकडं दुसरा फोन आला.

तेराव्याला जेवणं आटोपल्यावर मी वैनीला विचारलं, "वैनी, दादा घरी कसं बोलायचा?"

"कसं म्हंजी? आपलं नेहमीचंच."

"जात आहे, येत आहे, असं?"

वैनी रडत होती, तिला त्यातही हसू फुटलं. "ते व्हय! ते फक्त तुमच्यासंगं. तुमचा फोन आला की गुरुजीवानी बोलायचे. पोरगी तोंडाला ओढणी लावून हासायची. मी म्हणलं, काहून असं बोलता वो? तर म्हणले, त्याला बरं वाटते."

त्याला बरं वाटते. मी हे शब्द पुण्यापर्यंत घेऊन आलो आणि रोज त्यांचा वेगळा अर्थ लावतो. कधी वाटतं, हा टोमणा होता. भाऊ शहरी झाला, तर त्याच्याशी शहरी बोलावं, असा. मग तुझा चेहरा आठवतो आणि तो टोमणा मारणारा चेहरा नव्हता. कधी वाटतं, तू परत एकदा माझं म्हणणं माझ्या आधी ओळखलंस. मला ज्याची लाज वाटत होती ते तू माझ्यासाठी बाजूला ठेवलंस, जसा खिडकीसमोरून मला हातानं बाजूला करायचास. असं असेल तर ते तुझं सगळ्यात मोठं देणं, आणि तेच मला सगळ्यात जास्त बोचतं. आणि कधी वाटतं, मी उगाच एवढा विचार करतोय. तुला ते बोलायला मजा येत असेल, बस. आईला विचारलं तर ती म्हणाली, "त्यानं कधी तुझा राग धरला व्हय रे?" नाही धरला. पण मी राग येण्यासारखं त्याआधी कधी केलंही नव्हतं.

पत्र वाचून तू काय केलंस, हेही वैनीला विचारलं. "दोनदा वाचलं," ती म्हणाली. "मंग घडी करून पाकिटात ठेवलं. म्हणलं, काय लिवलं? तर म्हणले, काही न्हाई, अक्षर चांगलं हाय त्याचं." मी निघताना तिनं ते पत्र मला दिलं.

मी तुझ्याकडं माफी मागितली होती. तू ती दिलीस का, हे ‘मजकूर समजला’ एवढ्यावरून मला ठरवता येत नाही. त्या पत्रात मी तुला जे सांगितलं, ते तुला आधीच माहीत होतं, की माझ्यामुळंच कळलं? हे कळलं तरी बाकीचं सुटेल असं वाटतं. मी ते पुन्हा पुन्हा वाचतो आणि जसं होतं तसं खाली उतरवतो.

तीर्थरूप दादास,

साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगणार होतो, पण फोनवर तू लगेच माझी चौकशी सुरू करतोस आणि माझं राहून जातं. म्हणून लिहितो.

राजगडावर सौरभनं तुला फोन लावला तेव्हा तुझा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता. तू अजून वाटेत आहेस, हे त्या दोघांना कळलं नाही. मला कळलं की नाही, ते मला नक्की सांगता येत नाही. पण मी गप्प का बसलो, ते मला माहीत आहे. ते तुलाही माहीत असावं.

त्या दिवशी जेवण झाल्यावर तू टाक्यावर हात धुवायला गेला होतास. तेव्हा निखिलनं मला विचारलं, "तू पण घरी असंच बोलतोस का रे, करून राहिलो, जाऊन राहिलो?" मी म्हणालो, "नाही रे. आमच्या घरात असं कोणी बोलत नाही. दादा लांबच्या नात्यातला आहे, तिकडं वऱ्हाडाच्या बाजूचा."

नात्याचं त्यानं विचारलंही नव्हतं. ते मी आपणहून बोललो. नंतर तुझा फोन आला तेव्हा तुझ्या शब्दांचा अर्थ सांगितला असता, तर ते शब्द माझ्याही घरातले आहेत, हे उघडं पडलं असतं. एवढ्यासाठी मी तुला गडावर सोडून खाली उतरलो.

मी मागं वळलो तेव्हा तू गमछ्याला हात पुसत उभा होतास. किती वेळ उभा होतास, ते मला माहीत नाही. तुझ्या तोंडावरून मला काही कळलं नाही.

तू ऐकलं असशील तर मला माफ कर. ऐकलं नसशील, तर ते आता माझ्याच अक्षरात तुझ्यापर्यंत आलं, आणि त्याची माफी कशी मागायची ते मला माहीत नाही.

वैनीला नमस्कार, पोरीला आशीर्वाद.

तुझा सख्खा चुलतभाऊ,
भगवान